पूर्व दालन, पश्चिम दालन

"हे चित्र चिनी म्हणायचं की फ्रेंच?"

आठल्ये वकिलांनी मला हे तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हातातला कप खाली ठेवला. राग आला की माझ्या हातात काही नसलेलं बरं असतं.

"वकीलसाहेब, ते चित्र आहे."

"ते दिसतंय हो, पाध्येबाई. पण कुठलं?"

पुण्यात माझ्या घरी, दिवाणावर धुतलेली चादर अंथरून मी माझा सगळा संग्रह मांडला होता. साताऱ्याच्या आठल्ये स्मारक कलादालनाचे अध्यक्ष म्हणून वकीलसाहेब तो बघायला आले होते. त्यांच्याबरोबर होता विनीत माईणकर, त्यांच्या कलादालनाचा अभिरक्षक, म्हणजे क्युरेटर, आणि माझा जुना विद्यार्थी. पांढरे सुती हातमोजे घालून तो एकेक कागद इतक्या हळुवारपणे उलटत होता, की मला त्याचं कौतुक वाटत होतं. वाटायला नको होतं, पण ते नंतर कळलं.

मी आयुष्यभर कॉलेजात फ्रेंच शिकवलं. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळून पॅरिसला गेले, तिथे मेंग नावाच्या चित्रकाराचं काम पाहिलं आणि तेव्हापासून मला हे वेड लागलं. मेंग जन्माचा चिनी. लहानपणी घरातच शाई आणि कुंचला शिकलेला. ऐन तारुण्यात पॅरिसला आला तो तिथलाच झाला. त्याच्या चित्रात डोंगर नाही, झाड नाही, माणूस नाही. शाईचं धुकं आहे आणि त्या धुक्यात तैलरंगवाल्यांचे पेटते लाल-निळे रंग आहेत, आणि एक संपून दुसरं कुठे सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. त्याची तैलचित्रं घेण्याची माझी ऐपत नव्हती. पण तो दगडावर चित्र काढायचा आणि त्या दगडावरून मोजक्या प्रती छापायचा. लिथोग्राफ. शिळाछाप म्हटलं की आपल्याकडे जुन्या पोथ्या डोळ्यांसमोर येतात, तेच तंत्र. प्रत्येक प्रत खरीच, खाली चित्रकाराची पेन्सिलीतली सही, आणि किंमत मास्तरणीला दोनचार वर्षं पोटाला चिमटा घेऊन जमेल अशी.

लोकांनी फ्लॅट घेतले, मी कागद घेतले. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या गळ्यात पडायचे, "येताना अमुक दुकानातून एक नळकांडं घेऊन ये." एकदा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने असं एक नळकांडं उघडलं, चित्र उलटसुलट करून बघितलं आणि माझ्या विद्यार्थ्याला म्हणाला, "शाई सांडलेला कागद एवढा जपून कशाला आणलास?" असं करता करता भिंती भरल्या, मग कपाटं भरली.

सत्तरी आली तशी एकच काळजी मला पोखरायला लागली. माझ्यानंतर याचं काय? लग्न केलं नव्हतं. भाचा मेलबर्नला. त्याने फोनवर सांगितलं, "मावशी, एखादं मी गेस्टरूमला लावेन." एखादं! ही चित्रं एकमेकांशेजारी ठेवली की त्या माणसाचा चाळीस वर्षांचा सगळा प्रवास दिसतो. कुठे शाई वरचढ होते, कुठे रंग, आणि मग दोघांची दिलजमाई कशी होते. ती पांगली तर उरणार नुसते शोभेचे कागद. मला ती एकत्र राहायला हवी होती. दुसरं काही मागणं नव्हतं.

म्हणून विनीत जेव्हा म्हणाला, "बाई, आमच्याकडे द्या, मी आहे ना," तेव्हा माझ्या जिवाला केवढं हायसं वाटलं होतं.

आता वकीलसाहेबांची अडचण निराळी होती. त्यांच्या आजोबांनी वाड्याचं संग्रहालय करताना दोन दालनं केली होती आणि दारांवर संगमरवरात कोरून ठेवलं होतं, पूर्व दालन आणि पश्चिम दालन. पूर्वेला हस्तिदंत, चिनी बरण्या, तंजावरची चित्रं. पश्चिमेला झुंबरं, प्लॅस्टरची एक व्हीनस आणि बऱ्याच रिकाम्या भिंती.

"तर मग टांगायचं कुठं?" ते कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, आजोबांच्या दगडाखाली दबलेला होता. "चिनी असेल तर पूर्वेला जाईल, फ्रेंच असेल तर पश्चिमेला. अधेमधे काय करू मी?"

"अधेमधेच लावा," मी म्हटलं. "ती तिथलीच आहेत."

विनीत हसला. "साहेब, दोन दालनांच्या मधे हॉल आहे ना आपला. सगळी तिथे लावू. एकत्र."

"शब्द देतोस?" मी विचारलं.

"बाई, तुम्हाला मी शब्द द्यायला लागतो का?"

तेवढ्यात तो दिवाणाच्या टोकाला पोचला होता. तिथे माझा सगळ्यात मोठा लिथोग्राफ होता, एकाच लांबलचक कागदावर छापलेला. पेटीत मावावा म्हणून चित्रकारानेच मधोमध घडी घालून दिलेला. विनीतने तो उलगडला आणि नेहमीसारखा त्याच्यासमोर गप्प उभा राहिला. एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे शब्दकोश न्यायला आला होता तेव्हाही असाच उभा राहिला होता, आणि शब्दकोश न घेताच परत गेला होता. या मुलाला कळतं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

चित्रं विनीत आधीच साताऱ्याला घेऊन गेला, आणि दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी सकाळी त्यांच्या मांडणीचं उद्घाटन आणि दानपत्रावर सही असा कार्यक्रम ठरला. माझी शेजारीण कुंदा प्रधान मला तिच्या गाडीतून घेऊन गेली. कुंदा निवृत्त गणिताची प्राध्यापिका, चित्रांतलं तिला काही कळत नाही आणि कळतं असं ती म्हणतही नाही, म्हणून आमचं जमतं.

दारात रांगोळी, सनईची कॅसेट, कडक इस्त्रीतले कार्यकर्ते. विनीत पुढे आला, वाकून नमस्कार केला आणि माझ्या कोपराला धरून मला मांडवाकडे वळवायला लागला.

"बाई, आधी स्टेजवरच चला. पाहुणे येऊन बसलेत."

"आधी चित्रं बघू दे."

"नंतर शांतपणे दाखवतो ना. आता गर्दी आहे."

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत बोलत होता. गृहपाठ न केलेली मुलं अशीच बोलतात. मी अशी मुलं आयुष्यभर पाहिलेली. मी त्याचा हात सोडवला आणि आत गेले. कुंदा मागोमाग आली.

मधला हॉल रिकामा होता. भिंतीवर नुसते खिळे.

मी पूर्व दालनात शिरले. हस्तिदंती देव्हारा आणि चिनी बरण्या यांच्या मधल्या भिंतीवर माझी चित्रं होती. काळी, करडी, धुक्याची. फक्त तेवढीच. मी वळले आणि तरातरा हॉल ओलांडून पश्चिम दालनात गेले. व्हीनसच्या दोन्ही बाजूंना लाल, निळी, शेंदरी. धोब्याने पांढरे आणि रंगीत कपडे वेगळे काढावेत तसा माझा संग्रह कुणीतरी रंग बघून निवडला होता. प्रत्येक चौकटीखाली छापील पट्टी. इकडे "युरोपीय शैली", तिकडे "चिनी शैली".

"शरयू, बस जरा," कुंदा म्हणाली. "तुझा चेहरा लाल झालाय."

"होऊ दे."

मोठं चित्र कुठे होतं? ते मला पश्चिम दालनाच्या टोकाला दिसलं. म्हणजे त्याची उजवी बाजू दिसली. मला वाटलं, घडी तशीच ठेवून चौकटीत बसवलंय, डावी बाजू मागे दुमडलेली असेल. तेवढ्यावरही मी भांडलेच असते. जवळ जाऊन चष्मा सारखा केला. कागदाच्या डाव्या कडेला घडीची मऊ गोलाई नव्हती. धारदार कड होती.

मी पूर्व दालनात परत कशी आले ते मला आठवत नाही. बरण्यांच्या कपाटाशेजारी दुसऱ्या चौकटीत डावी बाजू होती.

तिथे शिडीवर चढून एकजण तसबीर सरळ करत होता. चौकटी करणारा मुलाणी. तो खाली उतरला, हात पुसले आणि हसून म्हणाला, "नमस्कार बाई. कसं झालंय काम?"

"हे कुणी कापलं?"

"मीच की. घडी व्हतीच मधी. पोलादी पट्टी लावली आन् एका दमात मारलं. दोराभर हाललं न्हाई. कड बघा की जरा."

कड खरंच सरळ होती. त्याला काय बोलणार? त्याला कापड कापायला दिलं असतं तर त्याने तेही तितकंच सरळ कापलं असतं.

"कुणी सांगितलं कापायला?"

"हापिसातनं निरोप आला."

मी पुढे काही विचारणार तोच आठल्ये वकील लगबगीने आत आले. "बाई, चला, चला. पाहुण्यांनी फीत कापलीसुद्धा. सगळे थांबलेत." त्यांनी मला जवळजवळ ओढतच मांडवात नेलं. त्यांच्या डोक्यावरची काळी टोपी माझ्या नजरेसमोर होती आणि मी मनात म्हणत होते, आजोबांच्या दगडासाठी ह्या माणसाने माझं चित्र चिरलं. कापलं नाही, चिरलं.

स्टेजवर टेबल, टेबलावर दानपत्र आणि पेन, शेजारी चांदीच्या तबकात शाल, श्रीफळ आणि नुकतीच फीत कापलेली कात्री. वकीलसाहेबांनी माइक हातात घेतला आणि पूर्व-पश्चिमेच्या संगमावर बोलायला सुरुवात केली. संगम हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की समोर बसलेली कुंदा डोळे मिटून बसली. मग त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली. टाळ्या झाल्या.

"आता बाईंनी दोन शब्द बोलावेत आणि सही करावी."

मी माइकसमोर उभी राहिले. आवाज कापला नाही. वर्गात शिकवल्याचा तेवढा तरी उपयोग.

"तुम्ही आत्ता आत जाल," मी म्हटलं, "तेव्हा तुम्हाला एक चित्र इकडच्या दालनात दिसेल आणि एक तिकडच्या. ती दोन चित्रं नाहीत. ते एकच चित्र आहे. मी तरुण होते तेव्हा ते छापलं जाताना मी तिथे उभी होते. डाव्या बाजूला शाई, उजव्या बाजूला शेंदरी, आणि मधोमध दोन्ही एकमेकांत उतरलेली. मी चित्रकाराला विचारलं, हे कुठून बघायला सुरुवात करायची? तो म्हणाला, आमच्याकडे गुंडाळीचं चित्र उजवीकडून उलगडत जातात, माझे आजोबा उजवीकडून येतील. हा माझा छापखानावाला मित्र फ्रेंच आहे, तो डावीकडून येईल. दोघं मधे भेटतील. तेवढ्यासाठीच तर मी हे चित्र काढलं."

मी आठल्ये वकिलांकडे वळले.

"ती भेटायची जागा या संस्थेने कापून टाकली आहे."

कुणीतरी खोकलं. मी तबकातली कात्री उचलली. अंगावरची शाल काढली, मधोमध धरली आणि कापायला लागले. फितीची कात्री ती, तिला धार कसली? काठ कसाबसा कापला आणि मग दोन्ही हातांनी फाडली. त्या आवाजाने पहिल्या रांगेतल्या बायका दचकून उभ्या राहिल्या.

"अहो! अहो बाई!" वकीलसाहेब किंचाळले. "काय करताय हे? चांगली अखंड शाल!"

"चित्रही अखंडच होतं," मी म्हटलं आणि अर्धी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. "ही तुमच्या पूर्व दालनाला."

मला वाटलं होतं, ते आता भडकतील. मी तयार होते. पण ते खांद्यावरच्या फाटक्या शालीकडे बघत राहिले आणि मग अगदी हळू, माइक सुरू आहे हे विसरून म्हणाले, "पण बाई, तुमचीच परवानगी होती ना?"

"माझी?"

"मी नकोच म्हणत होतो. दुसऱ्याच्या वस्तूला कात्री लावायची नाही, हे आम्हाला घरात शिकवलंय. मी विनीतना दोनदा विचारलं. ते म्हणाले, बाईंशी सविस्तर बोलणं झालंय, ही त्यांचीच सूचना आहे."

ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. मी स्टेजच्या कोपऱ्यात बघितलं. विनीत तिथे पाहुण्यांचे पुष्पगुच्छ घेऊन उभा होता. तो गुच्छांवरचा प्लॅस्टिकचा कागद नीट करत होता. वर बघितलं नाही त्याने.

सारा वेळ मी एका टोपीवर रागावत होते. तो राग गरम होता, त्यात थोडी मजाही होती. आता जे आलं ते गार होतं.

मी वकीलसाहेबांच्या खांद्यावरची अर्धी शाल काढून घेतली. "माफ करा," मी म्हटलं. "तुमचा काही दोष नाही."

"सही?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी दानपत्र उचललं, त्याची घडी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मग माइकवरून, मघाच्याच खणखणीत आवाजात, म्हणाले, "मुलाणी, बाईंची सगळी चित्रं उतरवा. सांभाळून." आजोबांच्या दगडाखालून तो माणूस त्या दिवशी बाहेर आला, असं मी आजही मानते.

चित्रं उतरत होती तेव्हा विनीत मला मधल्या हॉलमध्ये गाठायला आला. हातमोजे घातलेले होते.

"बाई, ऐकून तरी घ्या. या हॉलच्या भिंतीला ओल आलीय. ऐन वेळी कळलं. इथे चित्रं खराब झाली असती."

"मग मला फोन करायचा."

"तुम्ही चित्रं दिलीच नसती."

"नसतीच दिली. ती माझी होती."

"आणि ते मोठं..." त्याच्या चेहऱ्यावर खरोखर उजेड आला. मला त्याच उजेडाची चीड आली. "बाई, ती मुद्दाम केलेली मांडणी आहे. एकाच चित्राचे दोन भाग दोन दालनांत, समोरासमोर. प्रेक्षक इथून तिथे चालत जाईल आणि मनात ते जोडेल. ही एक संकल्पना आहे. मुंबईच्या गॅलरीवाल्यांना सांगितली, त्यांना फार आवडली."

"मनात जोडेल?"

"हो."

"त्या माणसाने दगडावर जोडून ठेवलं होतं. ते तू कापलंस. आणि आता लोकांनी मनात जोडायचं?"

"घडी होतीच ना, बाई."

हे वाक्य मुलाण्यानेही म्हटलं होतं. पण मुलाण्याला मी कधी घरी बोलावून ते चित्र दाखवलं नव्हतं. तो छापखाना, ते आजोबा, ती भेटायची जागा, हे सगळं मी ज्या एका माणसाला पुन्हापुन्हा सांगितलं होतं, तो माझ्यासमोर उभा होता. त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याला पुरतं माहीत होतं, म्हणून तर त्याने नेमकं तेच चित्र निवडलं. अडाण्याने केलेलं नुकसान मी सोसलं असतं. हे मला सोसवेना.

"विनीत, तू कापलंस ते एकवेळ बाजूला ठेव," मी म्हटलं. "मी सांगितलं असं का म्हणालास?"

त्याने एकेक करून हातमोजे काढले. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच संकल्पनेत बसत नसावं.

कुंदाने गाडी मागच्या दाराशी आणली होती. मुलाण्याने चित्रं पुठ्ठ्यांत बांधून मागच्या सीटवर ठेवली. विनीत शेवटचं बाड उचलायला वाकला.

"हात लावू नकोस."

तो सरळ झाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, ते खोटं नव्हतं, आणि त्यानेही माझा राग कमी झाला नाही. मी ते बाड उचललं. जड होतं. कसंबसं आत सरकवलं आणि गाडीत बसले. तो खिडकीशी वाकला.

"बाई, रागावून नेताय, न्या. पण तुम्हाला तरी दुसरं कोण आहे? तुमच्यानंतर हे सगळं कोण बघणार? तुमच्या त्या कपाटात कसर लागेल याला."

हेच मी रात्रंदिवस स्वतःला विचारत आले होते. त्याला ते माहीत होतं. जिथे दुखतं तिथेच त्याने बोट ठेवलं.

"लागू दे," मी म्हटलं. "कसर चित्र खाते, पण बाईंनीच खायला सांगितलं असं गावभर सांगत फिरत नाही."

कुंदाने गाडी चालू केली.